मॉडेलसाठी घरच्या घरी स्प्रे बूथ

एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या साधनातून, उडालेला सगळा रंग मॉडेलवर बसत नाही. हवेतच वाळलेले कण परत पंखावर पडले की १:७२ च्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) विमानावर बोट फिरवताना खरखर लागते, आणि मग चकचकीत रंगाची मजाच जाते. म्हणून हा उडालेला रंग पंख्याने ओढून बाहेर टाकणारा खोका, म्हणजे बूथ, करायला घेतला.

खोका सोपा: प्लायवूड, समोरून उघडा, मागे फिल्टर. खरा विचार पंख्याचा. तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला साधारण १०० फूट असावा. माझ्या बूथचं तोंड २ फूट बाय दीड फूट, म्हणजे मिनिटाला ३०० घनफूट हवा ओढली गेली पाहिजे. पण पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर आणि पाइप जोडला की तो चांगलाच घसरतो. त्यामुळे अडथळा असला तरी जोराने हवा ढकलणारा पंखा, म्हणजे सेंट्रिफ्यूगल ब्लोअरच घेतला, तोही मोटर हवेच्या वाटेबाहेर असलेला. रंग पातळ करायच्या लॅकर थिनरची वाफ पेट घेते, ठिणगी टाकणारी मोटर त्या वाटेत नकोच.

पाइप आखूड, आतून गुळगुळीत आणि थेट खिडकीबाहेर. साधा फिल्टर कण अडवतो, वाफ नाही. हवा गाळून खोलीतच सोडणारे बूथ मला अजिबात पटत नाहीत.

काल तोंडाशी टिश्यूपेपरची पट्टी धरून पाहिली. जेमतेम हलली. खोलीचं दार थोडं उघडलं, तर पट्टी लगेच आत ओढली गेली. बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा खोलीत यायला वाट हवीच. थिनरसारख्या द्रावणांची वाफ शोषणारा, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क मात्र बूथ असूनही लावणारच. आता एलईडी पट्टी बसवायची राहिलीय.