बेळगावच्या पावसात कॉकटेलची पिल्लं

श्रावणात पक्ष्यांची पिल्लं काढू नयेत, असं आमच्याकडे पक्षी पाळणारे बहुतेक सगळे सांगतात. शहापुरातले अण्णा या छंदात माझ्यापेक्षा कितीतरी जुने. तेही म्हणाले, "पाऊस संपू दे की रे, आत्ताच कशाला पेटी लावालास?" पण माझी कॉकटेलची, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटांची, जोडी दोन वर्षांची झालेली, नर दिवसभर शीळ घालायचा आणि मादी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात कागद कुरतडत बसायची. कॉकटेल मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिकडे पाऊस पडून गवताला बी धरलं की तो अंडी घालतो. आपला पाऊस बघून त्याला तेच सुचत असणार. मी अंडी घालायची पेटी लावली.

पेटी बारा इंच लांब, तेवढीच रुंद आणि उंच, वरच्या अंगाला तीन इंचाचं भोक. तळाला सुताराकडचा रंध्याचा जाडसर भुसा. करवतीचा बारीक भुसा नको, तो पिल्लांच्या नाकात जातो. पिंजऱ्याची जाळी नवी आणि जस्ताच्या मुलाम्याची होती, म्हणून आधी व्हिनेगरनं ब्रशनं घासून धुतली. पक्षी जाळी चावत राहतो आणि पोटात गेलेलं जस्त त्याला विषासारखं बाधतं.

पावसाळ्यात खरी लढाई थंडीशी नसते, ओलीशी असते. रात्रीचा पारा 20 च्या आसपास असला तरी अंड्यांवर बसलेल्या जोडीला तो चालतो. दाण्याला बुरशी धरली तर मात्र पक्ष्याच्या फुफ्फुसात जाते, आणि तो आजार बरा करणं फार अवघड. रविवार पेठेतून राळे आणि बाजरी थोडी थोडीच आणायची, प्रत्येक वेळी हुंगून बघायची, स्टीलच्या डब्यात झाकून ठेवायची. भिजवलेले मूग सकाळी घातले की दुपारच्या आत काढून टाकायचे. शेवग्याचा पाला धुऊन, पुसून. कॅल्शियमसाठी समुद्रफेस कायम टांगलेला, कारण त्याविना मादीचं अंडं आतच अडकू शकतं. आणि घरात नॉनस्टिक तवा बंद. तो जास्त तापला की त्याचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. आईनं तक्रार न करता डोशाला जुना बिडाचा तवा काढला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

मादी एक दिवसाआड अंडं घालते, साधारण चार ते सहा. दिवसा नर बसतो, रात्री मादी. पाच-सात दिवसांनी मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसतं. जे अंडं नुसतं पिवळसर उजळतं, त्यात जीव नसतो.

मग गणपती आले. आमच्या गल्लीत रात्री उशिरापर्यंत ढोल वाजतात, आणि कॉकटेल अंधारात दचकणारा पक्षी आहे. एकदा घाबरला की पिंजरभर आपटत सुटतो, मादी पेटीतून बाहेर पडते आणि अंधारात तिला परत आत जाता येत नाही. तेवढ्यात अंडी गार पडतात. उपाय साधा आहे: पिंजऱ्याजवळ झिरोचा बल्ब रात्रभर चालू, आणि रस्त्याकडच्या बाजूला जाड चादर.

अठरा ते एकवीस दिवसांत पिल्लं फुटतात, पण सगळी एकदम नाही. थोरलं चांगलं गुटगुटीत होतं तेव्हा धाकटं नुकतं कवचातून बाहेर येतं. माझा नर लुटिनो, म्हणजे पिवळसर-पांढरा आणि लाल डोळ्यांचा, आणि मादी राखाडी. अशा जोडीच्या माद्या सगळ्या लुटिनो निघतात आणि नर सगळे राखाडी, म्हणून मिटलेल्या पापण्यांखाली गुलाबी डोळे दिसले की ती मादी, हे पहिल्या दिवशीच कळतं. धाकटी तशीच होती. थोरल्यांच्या गळ्याच्या, अन्न साठवायच्या पिशव्या फुगलेल्या, तिची रिकामी.

इथे बरेच जण सगळी पिल्लं बाहेर काढून हातानं वाढवतात. मला ते पटत नाही. आईबाप रात्रंदिवस देतात ते आपल्या सिरिंजला जमत नाही. मी फक्त धाकटीला दिवसातून तीन-चार वेळा बाहेर काढून हँडफीडची पावडर पाजली आणि लगेच पेटीत ठेवलं. पातळ खीर 39 ते 40 अंशांवर, थर्मामीटर लावूनच. जास्त गरम झाली तर गळ्याची पिशवी आतून भाजते, गार दिली तर अन्न तिथेच साचतं. सिरिंज चोचीच्या डाव्या बाजूनं आत, टोक उजवीकडे, म्हणजे घास श्वासनलिकेत जात नाही. रोज सकाळी काही पाजायच्या आधी छोट्या काट्यावर वजन. गावात गाई-म्हशींचे डॉक्टर भरपूर, पक्ष्यांचा मिळणं कठीण. म्हणून वजनाची वही हाच माझा आधार. वजन एक दिवस जरी थांबलं तरी त्याच दिवशी कारण शोधायचं. काही दिवसांनी थोरला नर सरकून तिला जागा देऊ लागला, बापही तिला भरवू लागला, आणि मी सिरिंज बंद केली.

महिनाभरानं पिल्लं पेटीबाहेर आली, तरी दाणे स्वतः फोडून खायला आठ-दहा आठवडे लागतात. त्याआधी मी एकही पिल्लू दिलं नाही.

घ्यायला आलेल्यांपैकी काहींनी साधा हिरवा पोपट किंवा मुनियाही मागितली. ते आपल्या रानातले पक्षी, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित. पिंजऱ्यात ठेवणं गुन्हाच आहे. कॉकटेलला नोंदणी लागत नाही. कोन्यूर, आफ्रिकन ग्रे या परदेशी पोपटांना 2022 च्या दुरुस्तीनंतर सरकारच्या परिवेश पोर्टलवर लागते, तेवढं घेण्याआधी बघा.

पिल्लं नेणाऱ्या प्रत्येकाला मी आठवड्याचे राळे आणि वजनाच्या वहीतलं त्या पिल्लाचं पान दिलं. पेटी उतरवून धुऊन ठेवलीय. वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा मादीला अंड्यांवर बसवायचं नाही, तेव्हा आता उन्हाळ्यापर्यंत ती लागणार नाही.