पणजोबांची चिनी फुलदाणी: खालच्या अक्षरांवर जाऊ नका, बुड बघा

वाटणीत माझ्याकडे निळ्या-पांढऱ्या चिनी मातीची फुलदाणी आली. पणजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादहून बीडला आणलेली, असं घरात सगळे सांगतात. आता जो येतो तो ती उलटी करतो, खालची चार चिनी अक्षरं बघतो आणि म्हणतो, लाखोंचा माल आहे, जपून ठेव.

पण खरं सांगू का, त्या अक्षरांवरून काहीच ठरत नाही. माझ्या फुलदाणीवर कांगशी बादशहाचं नाव आहे, तो राज्यावर होता १६६१ ते १७२२, आणि त्याचं नाव १९व्या शतकाच्या शेवटी चीनमधल्याच कारागिरांनी ढिगानं मालावर घातलंय, जुन्या कामाचा मान म्हणून. त्याला फसवणूक म्हणणं मला तरी पटत नाही.

खरी माहिती बुडाच्या कडेला असते. तिथं ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, नसतं, उघडी माती दिसते. ती बोटाला मऊ, घट्ट लागते का, जिथं ग्लेझ संपतं तिथं मातीतल्या लोखंडामुळं बारीक तांबूस रेघ आलीय का, भट्टीतली रेती चिकटलीय का, ते बघायचं. नव्या मालावर हाच तांबूस रंग वरून फासतात, मग तो सगळीकडं एकसारखा दिसतो. ओरखड्यांचंही तसंच, खरी झीज वेडीवाकडी आणि जिथं टेकतं तिथंच जास्त असते.

मग दहापट भिंग घ्या आणि निळा रंग बघा. हातानं रंगवलेलं असलं की ब्रश जिथं दुसऱ्यांदा फिरला तिथं निळा गडद होतो, पाण्यासारखा कमीजास्त पसरलेला दिसतो, माझ्या फुलदाणीवर ड्रॅगनच्या शेपटीजवळ हे अगदी स्वच्छ दिसतं. छापील असेल तर बारीक ठिपके नाहीतर सारख्या जाडीच्या रेघा दिसतात. आपल्याकडं जुन्या घरांत ज्या 'चिनी' बशा निघतात त्यातल्या कितीतरी इंग्लंडच्या छापील विलो पॅटर्नच्या (चिनी धाटणीच्या निळ्या नक्षीच्या) असतात, चीनच्या नाहीतच. आणि बुडाला इंग्रजीत 'चायना' लिहिलं असेल तर माल बहुतेक १८९१ नंतरचा, कारण तेव्हापासून अमेरिकेच्या कायद्यानं देशाचं नाव घालावं लागायचं.

हे सगळं बघून मला वाटतं माझी फुलदाणी खरी चिनी आहे, हातानं रंगवलेली आहे, पण कांगशीच्या काळची नाही, चीनच्या शेवटच्या, छिंग राजघराण्याच्या अखेरच्या काळातली असावी. पक्कं बघायला हैदराबादच्या सालारजंग म्युझियममधल्या चिनी वस्तू डोळ्यांखालून घालणार आहे, फोटोवर भरवसा नको.

तोवर एक करा, चिंच-राखेनं घासू नका, तडा असेल तर फेविक्विक लावू नका. आणि १०० वर्षांपेक्षा जुनी निघाली तर १९७२च्या पुरावस्तू कायद्यानं ती परदेशात पाठवता येत नाही, बाहेरचं कुणी कितीही पैसे दाखवले तरी.