लासन, लाव्हा बेड्स आणि क्रेटर लेक: दोघांनी तंबू घेऊन जायचं असेल तर

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून उत्तरेला निघालं की साडेचार तासांत लासन हे ज्वालामुखींचं राष्ट्रीय उद्यान, तिथून तीन तासांवर लाव्हा बेड्सच्या गुहा आणि पुढे अडीच तासांवर ओरेगनमधलं क्रेटर लेक हे सरोवर. नकाशावर हे सगळं एका लांब वीकेंडचं काम वाटतं. तसं करू नका. इथे वेळ अंतरात जात नाही. बर्फ, उंची आणि गुहांचे नियम यांत जातो. लासनला तीन रात्री, लाव्हा बेड्सला दोन आणि क्रेटर लेकला दोन, एवढं तरी हवंच.

आधी तारखा. लासनमधून जाणारा तीस मैलांचा रस्ता ८,५१२ फुटांपर्यंत चढतो आणि हिवाळाभर बंद असतो. तो कधी मेअखेर उघडतो, तर कधी जुलै उजाडतो. क्रेटर लेकच्या पूर्वेकडचा रिम ड्राइव्ह (काठावरचा रस्ता) साधारण जुलैच्या पूर्वार्धात मोकळा होतो. तिथे वर्षाला सरासरी चाळीस फुटांहून जास्त बर्फ पडतो, त्यामुळे जूनमध्ये गेलात तर निम्मा रस्ता बंद आणि पायवाटा बर्फाखाली. जुलैच्या मध्यापर्यंत डासही असह्य असतात. ऑगस्टमध्ये डास कमी होतात, पण वणव्यांचा धूर येऊ शकतो. आमची पसंती ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य. निघायच्या आदल्या दिवशी एअरनाऊ या संकेतस्थळावर हवेची स्थिती आणि तिन्ही ठिकाणांच्या अधिकृत पानांवर रस्त्यांची स्थिती पाहा. धूर असेल तर क्रेटर लेकचा पलीकडचा काठसुद्धा दिसत नाही आणि मग तिथवर जाण्यात अर्थ उरत नाही.

लासनच्या तंबूच्या जागा रेक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर सहा महिने आधी आरक्षणासाठी खुल्या होतात. मॅन्झनिटा लेक (५,९०० फूट) सगळ्यात सोयीचं: दुकान, शॉवर, कपडे धुण्याची सोय. समिट लेक ६,७०० फुटांवर आहे, जास्त सुंदर आणि जास्त थंड. समुद्रसपाटीवरून थेट येणाऱ्यांनी पहिली रात्र मॅन्झनिटालाच काढावी. पहिल्याच संध्याकाळी डोकं दुखू लागलं तर दुसऱ्या दिवशीची चढाई पुढे ढकला, पाणी पीत राहा, दारू टाळा.

लासन शिखर १०,४५७ फुटांचं. मे १९१४ मध्ये ते जागं झालं, २२ मे १९१५ ला सगळ्यात मोठा उद्रेक झाला आणि १९१६ मध्ये हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. बी. एफ. लूमिस यांनी काढलेले उद्रेकाचे फोटो मॅन्झनिटा लेकजवळच्या लूमिस म्युझियममध्ये आहेत. ते पहिल्याच दिवशी पाहून घ्या, म्हणजे उद्रेकाने उद्ध्वस्त झालेल्या डेव्हास्टेटेड एरियामध्ये पडलेले प्रचंड धोंडे कुठून आले ते कळतं. ज्वालामुखीचे चारही मुख्य प्रकार या एका उद्यानात आहेत.

बम्पस हेल चुकवू नका. जाऊन-येऊन तीन मैल, चढ फारसा नाही, पण वाट आठ हजार फुटांवर आहे आणि तिच्यावरचा बर्फ बहुतेक वर्षी जुलैपर्यंत हटत नाही. उकळता चिखल, गंधकाचा वास, आणि वाफेची तोंडं. त्यांतल्या सर्वांत मोठ्या तोंडाचं तापमान १६१ अंश सेल्सियसपर्यंत नोंदलं गेलंय. लाकडी वाटेवरून खाली पाय टाकायचा नाही म्हणजे नाही. बाजूची पांढरट जमीन टणक दिसते, पण ती पापुद्र्यासारखी असते आणि खाली उकळतं आम्लयुक्त पाणी. ज्याच्या नावाने ही जागा ओळखली जाते त्या बम्पसचा पाय असाच आत जाऊन भाजला होता. सकाळी आठच्या आत पोचलात तर गाडी लावायला जागा मिळते आणि थंड हवेत वाफही जास्त दिसते.

शिखराची चढाई जाऊन-येऊन पाच मैल आणि दोन हजार फूट चढ. दुपारी विजा कडाडतात, वर आडोसा नाही. दुपारच्या आत खाली उतरलेलं असावं. मात्र एकच चढाई जमणार असेल तर आम्ही शिखराऐवजी सिंडर कोन, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा शंकू, सुचवू. तो उद्यानाच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. हायवे ४४ वरून सहा मैल कच्च्या रस्त्याने बट लेकला जायचं. चालणं चार मैलांचं, चढ साडेआठशे फुटांच्या आसपास, पण शेवटचा टप्पा सुट्ट्या काळ्या राखेचा आहे: दोन पावलं वर, एक खाली. दोघांकडे काठ्या हव्यात, बुटात खडे जाऊ नयेत म्हणून गेटर्स हवेत आणि माणशी किमान दोन लिटर पाणी हवं, कारण वाटेत पाणी नाही. राख उन्हात तापते, म्हणून उजाडताच निघा. वर विवराच्या तोंडावरून फिरता येतं आणि आत उतरायलाही वाट आहे. खाली लाल-केशरी रंगांचे पेंटेड ड्यून्स दिसतात. त्यांवर पावलं उमटवू नका, ठसे वर्षानुवर्षं राहतात.

२०२१ च्या डिक्सी वणव्यात उद्यानाचा मोठा भाग जळाला. जळून उभी राहिलेली झाडं वाऱ्यात अचानक कोसळतात. तंबू लावण्याआधी वर पाहा, आणि जळक्या पट्ट्यातल्या वाटांवर सावली मिळेल असं धरू नका.

आता तंबू. या मुलुखात साध्या बारीक खुंट्या दोन वेगळ्या कारणांनी फसतात. लासन आणि क्रेटर लेकला जमीन प्युमिसची (हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाची), भुसभुशीत. खुंटी सहज जाते आणि तितक्याच सहज निघते. तिथे रुंद पात्याच्या, नऊ-दहा इंची खुंट्या लागतात, किंवा दोरीला मोठा दगड बांधा. लाव्हा बेड्सला उलट: दोन-तीन इंच मातीखाली कातळ, खुंटी वाकते पण आत जात नाही. म्हणून आपल्या दांड्यांवर स्वतः उभा राहणारा तंबूच न्या. खाली जाड अंथरी टाका. लाव्ह्याचे बारीक खडे तळाला भोकं पाडतात. राखेचे कण चेनमध्ये अडकून चेन फाटते, म्हणून रोज रात्री ओल्या फडक्याने ती पुसा. ऑगस्टमध्येही रात्री पारा पाच अंशांच्या खाली जाऊ शकतो, तेव्हा शून्य अंशाला पुरेल अशी स्लीपिंग बॅग आणि तिला साजेशी उबदार मॅट हवी. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते.

स्वयंपाकात उंचीचा हिशेब धरावा लागतो. समिट लेकला पाणी ९३-९४ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायची वाट पाहत बसाल तर सिलिंडर संपेल, डाळ नाही शिजणार. दोन-तीन लिटरचा छोटा प्रेशर कुकर न्या आणि घरी लागतात त्याहून एक-दोन शिट्ट्या जास्त द्या. मूगडाळ आणि तांदळाची खिचडी सगळ्यात भरवशाची; डाळ तासभर भिजवली तर आणखी बरं. पोह्यांना हा प्रश्नच नाही. एक पौंडी हिरवा प्रोपेन सिलिंडर एका बर्नरवर पूर्ण आचेला साधारण दोन तास चालतो. दोघांचा चहा, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलं तर तो दोन-तीन दिवस पुरतो. वारा असेल तर त्याहून कमी, म्हणून शेगडीला तिन्ही बाजूंनी आडोसा असू द्या. लाकडं बाहेरून आणू नका, जिथे जाळायची तिथेच विकत घ्या. उन्हाळ्याच्या अखेरीला शेकोटीवर बहुधा बंदी असते, गॅसच्या शेगडीवर सहसा नसते. फलक वाचून घ्या.

अस्वलं आहेत. लासन आणि क्रेटर लेकचं मझामा कॅम्पग्राउंड इथे जागेवर लोखंडी पेट्या असतात. त्यांत फक्त खाणं नव्हे, टूथपेस्ट, सनस्क्रीन, न धुतलेला कुकर आणि मसाल्याचा डबाही ठेवायचा. हिंगाची डबी गाडीत ठेवली की आपल्यालाही रात्रभर वास येतो, मग अस्वलाला का नाही येणार?

लासनहून लाव्हा बेड्सला जाताना हायवे ८९ वर ओल्ड स्टेशनजवळ सबवे केव्ह लागते. लाव्हा वाहून गेल्यावर उरलेला हा बोगदा मैलाचा तिसरा भाग लांब आहे आणि आत आठ अंश तापमान असतं. मोह होतो, पण इथेच पुढचं गणित बिघडतं. वटवाघळांना मारणाऱ्या व्हाइट-नोज रोगाची बुरशी कपड्या-बुटांवरून पसरते, म्हणून लाव्हा बेड्सला गुहेत जाण्याआधी व्हिजिटर सेंटरमध्ये तपासणी करून फुकट परवाना घ्यावा लागतो. दुसऱ्या गुहेत वापरलेले बूट, कपडे, हेल्मेट तिथे चालत नाहीत. सबवे केव्ह करायचीच असेल तर तिच्यासाठी वेगळे बूट आणि वेगळे कपडे ठेवा आणि ते पिशवीत बांधून डिकीत टाका. भारतातून आणलेले, वटवाघळांच्या लेण्यांत घातलेले ट्रेकचे बूट असतील तर तेही तपासणीत सांगा.

लाव्हा बेड्स हे राष्ट्रीय स्मारक आहे, उद्यान नव्हे. पण राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास चालतो. इथे आठशेहून जास्त गुहा आहेत. प्रत्येकाकडे तीन दिवे हवेत: डोक्यावर एक, हातात एक, खिशात एक. फोनचा दिवा यात धरू नका. हेल्मेट लागतंच, कारण छत अचानक खाली येतं. सह्याद्रीतला कातळ पावसाने घासून गुळगुळीत झालेला असतो. इथला ताजा बेसॉल्ट खिसणीसारखा आहे, तळहात आणि गुडघे सोलून काढतो. लांब पॅन्ट, पूर्ण बाह्या, हातमोजे आणि गुडघ्यांना पॅड, हे सगळं घाला. सुरुवात मशपॉट गुहेपासून करा; तिथे दिवे आणि माहितीफलक आहेत. मग व्हॅलेंटाइन, तिथे ताठ उभं राहून चालता येतं. गोल्डन डोमच्या छतावर जिवाणूंचा थर उजेडात सोन्यासारखा चमकतो. हात लावू नका. कॅटकोम्ब्समध्ये पोटावर सरपटावं लागतं आणि फाट्यांत दिशा हरवते. नकाशा आणि वेळेची मर्यादा ठरवल्याशिवाय तिथे जाऊ नका, आणि कधी बाहेर येणार ते बाहेर कुणाला तरी सांगून जा. दोघंच असाल तर हे टाळता येत नाही: एक अडकला तर दुसऱ्याला त्याला एकटं सोडून मदतीला जावं लागतं. वटवाघळांसाठी काही गुहा काही काळ बंद असतात.

एक सकाळ कॅप्टन जॅक्स स्ट्राँगहोल्डसाठी ठेवा. १८७२-७३ मध्ये मोडॉक या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी किंट्पुअश (म्हणजेच कॅप्टन जॅक) यांच्या नेतृत्वाखाली या लाव्ह्याच्या खाचांतून कितीतरी मोठ्या अमेरिकी सैन्याला महिनोन्‌महिने रोखून धरलं. वाटेने चाललं की कसं, ते कळतं. इंडियन वेल कॅम्पग्राउंडवर पाणी आहे, शॉवर नाही. पेट्रोल आत मिळत नाही. येतानाच टाकी भरा. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगचा विचार रेडिंग आणि क्लॅमथ फॉल्ससारख्या गावांतच करा. खडकांतून चालताना पाय कुठे पडतो ते पाहा, रॅटलस्नेक असतात.

क्रेटर लेक म्हणजे सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी स्वतःत कोसळलेला मझामा पर्वत. खोली १,९४३ फूट, अमेरिकेत सर्वांत जास्त. नदी आत येत नाही की बाहेर जात नाही, फक्त पाऊस आणि बर्फ. म्हणून पाण्यात गाळ नाही आणि रंग इतका निळा. मझामा कॅम्पग्राउंड ठेकेदार चालवतो. उद्यानाच्या अधिकृत पानावरच्या दुव्यावरूनच जागा राखून ठेवा.

पाण्यापर्यंत नेणारी क्लीटवूड कोव्हची वाट २०२६ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे आणि ती २०२९ मध्ये उघडण्याचा बेत आहे. तोवर बोटीची सफर आणि पोहणं नाही. हे माहीत नसल्याने टॉवेल घेऊन येणारे बरेच असतात. मग वेळ काठावर घालवा. तेहतीस मैलांच्या रिम ड्राइव्हवर सूर्य पाठीशी ठेवायचा: सकाळी पूर्व काठ, दुपारनंतर पश्चिम काठ. आरशासारखं पाणी फक्त पहाटे, वारा सुटायच्या आत. वॉचमन शिखर जाऊन-येऊन दीड मैलाहून थोडं जास्त आणि सरोवरातलं विझर्ड आयलंड हे बेट थेट खाली. मावळतीला तिथेच असा. येताना टॉर्च लागेल. पिनॅकल्सच्या सहा मैलांच्या फाट्याकडे बहुतेक जण वळत नाहीत, पण गरम राखेतून वायू बाहेर पडताना घट्ट झालेले ते सुळके दुसरीकडे सहज पाहायला मिळत नाहीत.

परतीला हायवे ६२ ने मेडफर्डकडे उतरा. युनियन क्रीकजवळ नॅचरल ब्रिजला रोग नदी लाव्ह्याच्या बोगद्यात शिरते आणि पुढे पुन्हा वर येते. थांबायला अर्धा तास पुरे. मग आय-५ वर कॅलिफोर्नियात शिरताना शेतमालाची तपासणी चौकी आहे. उरलेली संत्री, लिंबं, कढीपत्ता असेल तर त्याआधीच संपवा, नाहीतर तिथे काढून घेतील.