फ्लूची लस: पावसाआधीच का?

महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात उसळतो. लशीचं संरक्षण तयार व्हायला सुमारे 2 आठवडे लागतात, म्हणून मे संपण्याआधी दंडात 0.5 मिली टोचून घेतलेली बरी. 9 वर्षांखालच्या मुलांना पहिल्या वर्षी 4 आठवड्यांच्या अंतराने 2 डोस लागतात. दुसरा हमखास राहून जातो. 6 महिन्यांखालच्या बाळाला लस चालत नाही, गरोदरपणी आईने घेतलेलीच त्याच्या कामी येते.

टोचायच्या लशीतले विषाणू मेलेले असतात, त्यामुळे ‘लशीनेच फ्लू झाला’ हे खरं नव्हे. दंड दुखतो, दिवसभर कणकण वाटते, इतकंच. त्या वर्षी पसरलेल्या विषाणूशी लशीची जुळणी चांगली असली तरी धोका साधारण 40 ते 60 टक्केच घटतो. लस 2 ते 8 अंशांत ठेवतात. गोठली तर फेकायचीच.