आमची वाटचाल: पानदेठापासून परदेशी वाइनपर्यंत

पिंपळगाव बसवंतला सासऱ्यांचं खतांचं दुकान होतं. २००४ साली त्याच गाळ्याच्या मागच्या खोलीत मी आणि माझ्या दिरांनी माती, पाणी आणि पानदेठ (वेलीला कोणतं खत कमी पडतंय ते सांगणारा पानाचा देठ) तपासायला सुरुवात केली. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी.; भाऊजींना पंचक्रोशीतला प्रत्येक बागायतदार नावानिशी ठाऊक. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. त्यात होरपळलेली कुटुंबं आमच्या रोजच्या ओळखीची होती. पुढच्याच वर्षी कर्ज काढून एचपीएलसी आणि गॅस क्रोमॅटोग्राफ ही मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं घेतली.

यंत्रं आली तशा वायनऱ्याही येऊ लागल्या. अल्कोहोल, सल्फर डायऑक्साइड, व्होलाटाइल अ‍ॅसिडिटी (व्हिनेगरसारखी उडून जाणारी आम्लं) ही नेहमीची कामं. मग एके दिवशी मुंबईचे एक आयातदार सहा बाटल्या घेऊन आले. त्यांचा प्रश्न साधा होता: "मॅडम, लेबलवर लिहिलंय तेच आत आहे का?"

मिथेनॉल हा विषारी अल्कोहोल मर्यादेत आहे हे सांगणं सोपं, आणि ते टाळताही येत नाही. १९८६ साली इटलीत मिथेनॉल मिसळलेल्या वाइनने २०हून अधिक माणसं गेली. पण सुरक्षित वाइन खरी असेलच असं नाही. साखर, पाणी किंवा बाहेरचा अल्कोहोल घातलेली वाइन कुणाला आजारी न पाडताही फसवू शकते.

त्या पहिल्याच कामात माझी चूक झाली. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल करताना सोबत ग्लिसरॉलही बनवतं, त्यामुळे बाहेरून अल्कोहोल ओतला की ग्लिसरॉलचं प्रमाण त्याच्या मानाने कमी दिसतं. एका बाटलीत ते कमी दिसलं आणि मी अहवालात 'भेसळ' लिहिलं. नमुना युरोपातल्या प्रयोगशाळेत गेला आणि तिथे तो निर्दोष ठरला. यीस्टची जात आणि फळाची अवस्था यांनीही ग्लिसरॉल बदलतं, हे मला माहीत होतं, तरी मी एका आकड्यावर विसंबले. त्या गृहस्थांचा माल तीन आठवडे गोदामात पडून राहिला. फी परत केली, माफी मागितली. तेव्हापासून आमच्याकडे एका चाचणीवर निष्कर्ष लिहीत नाहीत. काय मोजलं, ते लेबलशी जुळतं का आणि कशाबद्दल सांगता येत नाही, हे अहवालात वेगवेगळं लिहितो.

सगळ्यात भरवशाची साक्ष देतात समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू. ती मोजणारी यंत्रं आमच्या आवाक्याबाहेर आहेत, म्हणून ते नमुने आम्ही बाहेर पाठवतो. पण त्यामागचं शास्त्र उसाच्या मुलखातल्या माणसाला पटकन कळावं असं आहे. ऊस आणि द्राक्षवेल हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने घेतात. त्यामुळे उसाच्या साखरेत किंवा मळीच्या अल्कोहोलमध्ये कार्बन-१३ हा जड कार्बन द्राक्षापेक्षा जास्त असतो. मिसळ केली की आकडा मधेच कुठेतरी येतो. बीटाची साखर मात्र या चाचणीतून निसटते, कारण बीट या बाबतीत द्राक्षासारखंच. त्यासाठी अल्कोहोलमधलं ड्युटेरियम (जड हायड्रोजन) एनएमआर या चुंबकीय यंत्रावर पाहावं लागतं. ही पद्धत फ्रान्समध्ये नांत विद्यापीठात १९८०च्या दशकात विकसित झाली. पाणी घातलं असेल तर ऑक्सिजन-१८ हा जड ऑक्सिजन बोलतो. वेलीच्या पानांतून बाष्प उडताना हलकं पाणी आधी जातं, म्हणून द्राक्षाच्या रसातलं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा 'जड' असतं.

असंच एकदा एका हॉटेलने दोन बाटल्या पाठवल्या. काच, लेबल, सगळं अस्सल. आतल्या अल्कोहोलमध्ये उसाची छाप स्पष्ट होती. रिकाम्या बाटल्या जमवून कुणीतरी पुन्हा भरल्या होत्या. रिकामी बाटली भंगारात देण्याआधी फोडा, असं मी प्रत्येक हॉटेलवाल्याला आजही सांगते.

एका मोठ्या ग्राहकाने 'लेबलशी जुळत नाही' हे वाक्य काढायला सांगितलं होतं. काढलं नाही. वर्षाचं काम गेलं. त्या वर्षी भाऊजींनी पुन्हा बागा पालथ्या घातल्या आणि पानदेठांच्या नमुन्यांवर पगार निघाले.

आता आम्हाला बोचते ती तुलनेची उणीव. खात्रीच्या वाइनचे आकडे हाताशी नसतील तर संशयित आकडा कशाशी ताडायचा? युरोपीय संघाने १९९१पासून दरवर्षी खात्रीच्या द्राक्षांची वाइन बनवून तिच्या समस्थानिकांची नोंद ठेवली आहे. परदेशी बाटलीत इथलीच वाइन भरली असेल तर ते ओळखायला इथल्या नोंदीही लागतील. म्हणून तीन हंगामांपासून एका परवानाधारक वायनरीच्या मदतीने दिंडोरी आणि निफाडच्या ठरावीक बागांतली द्राक्षं वेगळी आंबवून घेतो. भाऊजी स्वतः तोडणीला उभे राहतात. शीतखोलीत आज ४१ बाटल्या आहेत आणि प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात गाव, गट नंबर, द्राक्षाची जात आणि तोडणीची तारीख लिहिलेली आहे.