मांद्र्यातली रेताड खेर पुन्हा लागवडीखाली आणताना

पेडणे तालुक्यात समुद्राकडे उतरत गेलेल्या रेताड शेतजमिनीला आम्ही खेर म्हणतो. डोंगराच्या अंगाची ती मोरड, खाडीच्या बांधाआतली ती खाजन आणि या दोहोंच्या मधली, भुसभुशीत, ती खेर. गोव्यातल्या भातशेतीची ही जुनी वर्गवारी. मांद्र्यातली आमची खेर आणि तिच्या कडेचे माड सासऱ्यांच्या पश्चात माझ्याकडे आले तेव्हा जमीन काही वर्षं पडच होती. "रेवेत काय पिकणार, विकून मोकळे व्हा," असं सांगणारे पुष्कळ भेटले. किनाऱ्यालगत जमिनीला काय भाव आहे हे मलाही ठाऊक आहे. पण खेरीचं वागणं समजून घेतलं तर ती पावसाळ्यात भात आणि हिवाळ्यात कडधान्य किंवा भाजी, अशी दोन पिकं देते. आमची आता देते आहे, म्हणून लिहायला बसले.

सुरुवात मातीपासूनच केली. ओली माती मुठीत दाबली की गोळा व्हायचा, बोट लागलं की फुटायचा. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून पट्टी ओढायला गेले तर ती निघेचना. चिकण माती असती तर चांगली लांब पट्टी आली असती. मग काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घेतली, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घातली, जोरजोरात हलवली आणि ओट्यावर ठेवून दिली. मिनिटभरात जाड वाळू तळाला बसली, बरणीतल्या मातीचा बहुतेक सगळा भाग तोच. दोन-तीन तासांत त्यावर पोयट्याचा पातळ थर आला. चिकण मातीचा थर दुसऱ्या दिवशी दिसला, तोही नखाएवढा. हा प्रयोग प्रत्येकाने घरी करावा असं मला मनापासून वाटतं, कारण सरकारी माती तपासणीनंतर मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यं मिळून १२ गोष्टी येतात, पण जमिनीचा पोत त्यात नसतो. आणि रेताड जमिनीत बाकी सगळं त्या पोतावरच ठरतं.

वाळूचा कण ०.०५ ते २ मिलिमीटरचा, चिकण मातीचा ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक. मोठ्या कणांमधल्या पोकळ्या मोठ्या, म्हणून पाणी सरसर खाली जातं आणि मुळांना हवा भरपूर मिळते. चिकण मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यावर पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम, अमोनियम धरून राहतात. वाळूकडे ही धरण्याची ताकद जवळजवळ नाही. तिच्यात ते काम सेंद्रिय पदार्थालाच करावं लागतं.

तपासणीसाठी पेडण्याच्या विभागीय कृषी कार्यालयात गेले. सोबत एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, आणि कृषी कार्डाचा अर्ज घेतला होता. उताऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव असल्यामुळे कृषी कार्डाचं काम रेंगाळलं, पण मातीचा नमुना देण्यात त्याची अडचण आली नाही. नमुना घ्यायची पद्धत मात्र नीट पाळावी लागते. मेरेजवळची (बांधाजवळची), माडाच्या सावलीतली, शेणखताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. शेतात नागमोडी चालत, जागोजागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ सेंटीमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची सारख्या जाडीची माती खरवडायची, सगळी प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करायची आणि सावलीत वाळवायची. मग ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत जायचं. माडासाठी वेगळा, जास्त खोलीवरचा नमुना द्यावा लागतो.

अहवाल आला तो असा: सामू आम्लधर्मी, क्षारता नगण्य, पालाश कमी, सेंद्रिय कर्ब ०.३२ टक्के. ०.५ टक्क्यांच्या खाली कर्ब म्हणजे कमी समजतात. दमट, गरम हवेत आणि मोकळ्या मातीत कुजण्याची क्रिया इतकी वेगाने होते की शेणखत एकदा घालून भागत नाही. दरवर्षी घालावं लागतं, हे मनाशी पक्कं करूनच पुढची कामं आखली.

पहिलं काम माडांचं. आमच्याकडे नारळ सोलून झाले की सोडणं चुलीत जातात किंवा परसात पडून राहतात. ती सगळी राखून ठेवली. बुंध्यापासून दोन मीटरवर माडाभोवती अर्धा मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल चर खणला आणि त्यात सोडणं थरावर थर रचली, प्रत्येकाची खोलगट बाजू वर ठेवून, वर मातीचा थर देत. सोडण आपल्या वजनाच्या काही पट पाणी धरून ठेवतं, शिवाय त्यातला पालाश हळूहळू मातीत उतरतो. एकदा पुरलेली सोडणं ५ ते ७ वर्षं कामी येतात. गडी माणसांना हे काम कंटाळवाणं वाटलं, कारण उलटं ठेवलेलं प्रत्येक सोडण मी पुन्हा सुलटं करायला लावत होते. पण पुढच्या एप्रिलमध्ये चराजवळची माती वीतभर उकरली तर आत ओल होती आणि कुजू लागलेल्या काथ्यात माडाची पांढरी, नवी मुळं शिरलेली होती. शेजारच्या न खणलेल्या माडाखाली त्याच खोलीवर कोरडी वाळू हातातून गळत होती. चर आता सगळ्याच माडांना काढले आहेत.

खताचंही वेळापत्रक बदललं. मोठ्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. गोव्यात पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऐन आषाढात वाळूत टाकलेला युरिया आणि पोटॅश मुळांना मिळण्याआधीच खाली वाहून जातो. म्हणून एक तृतीयांश खत पावसाच्या तोंडावर आणि दोन तृतीयांश पाऊस ओसरल्यावर देते. भाजीच्या वाफ्यांना तर त्याहूनही लहान लहान हप्ते.

पावसाळ्यात सरद, म्हणजे पावसाळी भात, ज्योती जातीचं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाऊस असतो तोवर खेरीतही भात होतं. खरी मजा भात कापल्यावर. अळसांदे, आमची गोव्याची चवळी! गणपती-चवथीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ज्याच्याशिवाय आमचं पान पुरं होत नाही, तो हा टपोरा दाणा खेरीत फार चांगला येतो. भाताखालची उरलेली ओल त्याला जवळजवळ पुरते, कारण मोकळ्या मातीत मूळ खोल जातं. पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियम हे नत्र बांधणारं जिवाणू खत चोळलं. फुलं यायच्या सुमारास एक रोप अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहिली, तर आत गुलाबी रंग. गाठ गुलाबी असली की ती हवेतलं नत्र बांधते आहे असं समजायचं. आतून हिरवी किंवा करडी निघाली तर तिचं काम थांबलेलं असतं. शेंगा काढून झाल्या की वेल तिथेच जमिनीत गाडते. ज्या जमिनीत नत्र टिकत नाही तिथे याहून स्वस्त खत मला माहीत नाही.

एका कुणग्यात, म्हणजे शेताच्या एका तुकड्यात, मिरची लावली. शेजारच्या हरमलची मिरची प्रसिद्ध, तिला भौगोलिक मानांकनही आहे, तेव्हा आमच्या भागात मिरची लावणं काही नवं नाही. पाण्याची गोष्ट मला शेजारच्या आबांनी शिकवली. "गो बाय, एकदम ओतू नको. सकाळी थोडं, सांजेला थोडं." त्यांच्या लहानपणी शेतातल्या उथळ बावीतून (विहिरीतून) कळशीने असंच शिंपायचे. मी ठिबक घातलं तेव्हा नळी चालवून झाल्यावर मुद्दाम खणून पाहिलं. ओल बाजूला जेमतेम वीतभर पसरली होती, खाली मात्र कितीतरी खोल गेलेली. रेतीत पाणी आडवं पसरत नाही, सरळ उतरतं. म्हणून छिद्रं ३० सेंटीमीटरवर घेतली आणि पाणी थोडा वेळ पण दोनदा सोडते. वर चुडतं (माडाच्या झावळ्या) आणि वाळलेलं गवत पसरल्यामुळे दुपारी वाळू तापत नाही.

या जमिनीचा एक वैरी नजरेआड राहतो, तो सूत्रकृमी, मुळांत शिरणारा डोळ्यांना न दिसणारा बारीक कृमी. मुळांवर वेड्यावाकड्या गाठी येतात. अळसांद्याच्या नत्राच्या गाठी बोटाने सुटतात, या मुळाचाच भाग असल्यामुळे सुटत नाहीत. रेताड मातीत हे कृमी सहज फिरतात. निंबोळी पेंड, वाफ्यांच्या कडेने झेंडू आणि त्याच जागी लागोपाठ मिरची-वांगी न घेणं, या तिन्हीचा मला उपयोग झाला.

आणि शेवटी बाव, जिची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते. किनाऱ्यावरच्या रेतीत पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल तर हिशेबाने त्याच्याखाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. उलट पाहिलं तर उपशाने वरची पातळी थोडी जरी खाली गेली तरी खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकतं. आजूबाजूला बांधकामं आणि बोअरवेल वाढताहेत आणि पाणी सगळ्यांचं एकच आहे. माड थोडा खारेपणा सोसतो, मिरची सोसत नाही. म्हणून आमच्या बावीवर मोठा पंप बसवला नाही, आणि कडेची केवड्याची रांग काढू दिली नाही. खाऱ्या वाऱ्याला तीच अडवते. दर वर्षी मेच्या अखेरीस बावीच्या पाण्याचा नमुना तपासायला देते. यंदा त्यात क्षार वाढलेले आले तर पुढच्या हंगामात मिरचीचे वाफे निम्मेच ठेवायचे आणि उरलेल्या जागेतही अळसांदे पेरायचे, असं घरात ठरलं आहे.