हुंगपेटी : चौदा ठोकळे झाले, देवदार वेगळा काढला

मागच्या वेळी आठ ठोकळ्यांवर थांबले होते, आता चौदा झालेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लाकूड नाकाने ओळखायची सवय लागावी म्हणून प्रत्येक जातीचा एक ठोकळा करतेय. ३ इंच लांब, दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड. पॉलिश नाही, तेल नाही, मेण नाही. खालच्या अंगाला फक्त नंबर ठोकलाय, नावं वहीत.

आधी घोटाळा सांगते, कारण त्यातच दीड महिना गेला.

जूनमध्ये दहा ठोकळे एका पेटीत घालून झाकण लावलं. पाऊस सुरू झाला, गच्चीवरची खोली बंदच राहिली. तीन आठवड्यांनी पेटी उघडली तर दहाही ठोकळ्यांना एकच वास, देवदाराचा. सागाला देवदार, फणसाला देवदार. देवदाराच्या लाकडात तेल इतकं असतं की ते वेगळं काढून विकतात, आणि कपड्यांना कसर लागू नये म्हणून त्याच्या पेट्याही करतात. तो बंद जागेत गप्प बसणार नाही हे मला आधी सुचायला हवं होतं.

मग मी आणखी शहाणपणा केला. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या धुऊन त्यांत एकेक ठोकळा ठेवला. काच धुतली जाते हो, झाकणाच्या आतलं रबर नाही धुतलं जात. चार दिवसांनी फणसाचा ठोकळा हिंग-मोहरीने घमघमत होता. सासूबाई राजापूरकडच्या. त्यांनी हुंगून विचारलं, "अगं, लोणचं कुयरीचं घातलंस की लाकडाचं?"

दहाही ठोकळे ८० नंबरच्या पॉलिशपेपरवर घासले. अर्धा मिलिमीटर खाली गेल्यावर जो तो आपल्या वासावर आला. म्हणजे परका वास वरवरचाच होता, आत शिरला नव्हता. आता प्रत्येकाला कोरी काचेची बाटली, बाटल्या पेटीत, आणि देवदार एकटा खिडकीत. पेटी शिवणीची केली, कारण शिवणीला स्वतःचा वास जवळपास नाहीच, शिवाय ती फारशी हलत नाही, वाकत नाही.

आता ठोकळ्यांकडे.

यावेळचा सगळ्यात मोठा आनंद म्हणजे नंबर ९, साग. गावभागातला एक वाडा पाडला तेव्हा तुळईचा दोन फुटी तुकडा वखारीतून आणला होता. वरून काळा ठिक्कर, चुलीचा धूर आणि चुना एकावर एक बसलेला. लोहचुंबक फिरवून हाताने घडवलेले चार चौकोनी खिळे काढले. पाचवा रंध्याच्या पात्याला सापडला, पात्याला खाच पडली ती पडलीच. पहिले काही हात नुसता काजळीचा वास. साधारण ३ मिलिमीटर खाली गेल्यावर सालपट एकदम सोनेरी निघालं आणि खोलीभर नव्या कोल्हापुरी चपलेचा वास सुटला. तेच ते कमावलेलं कातडं, त्याला किंचित तेलकट झाक. वाड्याची भिंत पडली, माणसं गेली, आणि हे लाकूड आतून कालच कापल्यासारखं. त्या दिवशी काम तिथेच थांबवलं आणि सालपटं ओंजळीत घेऊन बसले.

सागात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे पातं भराभर बोथटतं. ते वासावरूनही कळतं. धार आहे तोवर कातड्याचा वास, धार गेली की त्यात करपट भर पडते. यंत्राच्या करवतीवर तर हे फारच स्पष्ट होतं. धूर दिसायच्या आधी नाकाला समजतं. मी आता करपट वास आला की मोटर बंद करते, डोळ्यांनी खात्री करायला थांबत नाही.

नंबर १० बाद. तोही सागच म्हणून घेतला होता, दुसऱ्या एका वखारीतून. रंग बेताचा बरा, रेषा बऱ्या, भाव मात्र पूर्ण सागाचा. रंधा मारला तर कातड्याचा वास नाही, हाताला तेलकटपणा नाही. मिस्त्रीकाकांना दाखवला. त्यांनी थुंकी लावली, अंगठ्याने चोळलं, हुंगलं आणि म्हणाले, "ताई, ही ऑस्ट्रेलियन बाभूळ. खुर्ची करा, झकास होईल, पण साग म्हणू नका." ओलं करून हुंगायची ही युक्ती मी उचललीये. पाण्याने वास उठतो, निदान अर्धा मिनिट तरी.

नंबर ११ शिसव. मोडक्या पलंगाच्या पायाचा तुकडा. शिसवीला इंग्रजीत रोझवूड म्हणतात ते रंगावरून नव्हे, ताज्या कापाच्या गोडसर वासावरून. गुलाब म्हणजे अगदी गुलकंद नाही, पण सुकलेल्या पाकळ्या पुस्तकातून काढल्यावर येतो तसा. नव्या शिसवीच्या मागे लागले नाही. २०१७ पासून शिसवीची सगळी जात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आहे, आणि जुन्या फर्निचरमध्ये ती भरपूर सापडते. याच लाकडाने मला दोन दिवस शिंका आणि मनगटावर पुरळ दिलं.

त्यावरून एक गोष्ट निक्षून सांगते. लाकडाची धूळ हुंगायची नाही. १९९५ मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय, आणि तो कर्करोग मुख्यतः नाकाचाच. आमच्यासारख्या हुंगणाऱ्यांची ही मोठीच थट्टा. म्हणून मी घासताना मास्क लावते, धूळ ओल्या फडक्याने पुसते, आणि मगच मास्क उतरवून ठोकळा नाकाशी नेते. खरा वास रंध्याच्या सालपटात असतो, आणि रंध्याला धूळ अशी नसतेच.

पाइन पॅकिंगच्या खोक्यातून घेतला. टर्पेंटाइन, दुसरं काही नाही. भाचीने डोळे मिटून "रंगाचं दुकान" म्हटलं, बरोबरच आहे. खोकी घेताना शिक्का पाहा. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं आणि शेजारी अक्षरं. 'एचटी' म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला, तो घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेला, तो सोडा.

आंब्याने निराश केलं. ओला कापला तेव्हा आंबूस गोड वास होता, सुकल्यावर काही म्हणजे काही उरलं नाही. ठोकळा पेटीत ठेवलाय, कोरं उत्तर म्हणून.

कडुनिंब मात्र सासूबाईंनी एका हुंगण्यात ओळखला. "दातवणाची काडी," एवढंच म्हणाल्या आणि पुढची बाटली मागितली. गंमत अशी की नीम, तून आणि महोगनी एकाच कुळातली झाडं. पण नीम घासताना मास्क जरा सरकला की घसा कडू होतो, तून घासताना नाही.

तुनाचा मात्र वहीत दोनदा उल्लेख आहे. ठोकळा नाकाशी नेल्याबरोबर भाची म्हणाली, "हा गवसणीचा वास आहे." मला कळेना. ती शेजारच्या मिरजेला गाणं शिकते. तंबोऱ्याची गवसणी काढली की पहिला जो वास येतो तो हाच, असं तिचं म्हणणं. तंबोऱ्याचा भोपळा भोपळ्याचाच, पण तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, आणि दांडी तुनाची. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं, पण त्या लाकडाचा वास आपल्याच घरात आहे हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. रात्री तिचा तंबोरा उघडून खात्री केली. तोच, फक्त त्यात जरा कापूर मिसळलेला, गवसणीत वडी ठेवतात म्हणून.

चंदनाची जागा रिकामी आहे. घरात सहाणेवरचं जुनं खोड आहे, झिजून दोन बोटं उरलेलं, पण ते कापायचं नाव काढलं तर मला घर सोडावं लागेल. बाहेरून घ्यायचं म्हटलं तर सुगंध फक्त गाभ्यात, पांढऱ्या भागाला वासच नाही, आणि बाजारात पांढऱ्यावर अत्तर लावून विकतात. सध्या मी सणावारी गंध उगाळून देते आणि तेवढं हुंगते.

पुढचे सहा: ऐन, किंजळ, खैर, हेद, जांभूळ, चिंच. ऐन आणि किंजळ कोकणातून येणारेत, सासूबाईंचा भाऊ गणपतीला येताना पिशवीत घालून आणणार आहे. त्याला बजावलंय की लाकूड आणि सुके बांगडे एकाच पिशवीत नकोत.